हातातले काम काढून घेऊ नका

चिखली तालुक्यातल्या एखाद्या खेड्यातली आजी डोळ्यांसमोर आणा. लकव्याने उजवी बाजू लुळी पडली. दवाखान्यातून घरी आणल्यावर सून घास भरवते, नात वेणी घालते, मुलगा उचलून मोरीत नेतो. सहा महिन्यांनी पाहावे तर हात आखडलेला आणि आजी गप्प झालेली. घरच्यांची माया खरी असते. पण त्या मायेत आजीच्या हाती एकही काम उरलेले नसते.

व्यवसायोपचार, म्हणजेच ऑक्युपेशनल थेरपी, नेमका इथे कामाला येतो. नावावरून आपल्याला धंद्याचे शिक्षण वाटते. पण इथे 'व्यवसाय' म्हणजे माणसाचा दिवस ज्यांनी भरतो ती सगळी कामे: आंघोळ, जेवण, स्वयंपाक, वावरातले काम, मुलांचा खेळ आणि शाळा, विहारात जाणेसुद्धा.

या उपचाराची मूळ तत्त्वे साधी आहेत. पहिले, माणूस आधी, आजार नंतर. तज्ज्ञ विचारतात, 'तुम्हाला स्वतःच्या हाताने काय करायचे आहे?' आणि उत्तर रुग्णाने द्यायचे, नातेवाइकांनी नाही. दुसरे, काम हेच औषध. वापरात राहिलेला हात पुन्हा शिकतो, कारण सरावाने मेंदूही नव्या वाटा काढतो. तिसरे, पायरीपायरीने चढायचे. आजीला भाकर थापायची असेल तर आधी बसून तूर निवडणे, मग फडके पिळणे, मग पीठ मळणे. चौथे, माणूस पूर्ण बदलत नसेल तर काम आणि घर त्याच्याजोगे करायचे.

भारतात या शिक्षणाची सुरुवात आपल्या महाराष्ट्रातच झाली. अमेरिकेत जन्मलेल्या आणि लग्नानंतर इथल्याच झालेल्या कमला निंबकर यांनी 1950 साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात देशातली पहिली व्यवसायोपचार शाळा उभारली. 1952 साली या तज्ज्ञांची अखिल भारतीय संघटना स्थापन झाली. आज विदर्भात नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात याचे पदवी शिक्षण मिळते. दहावी-बारावीच्या मुलामुलींनी ही वाटही ध्यानात ठेवावी.

तज्ज्ञ भेटेपर्यंत घरी एवढे करता येईल:

• चमच्याच्या दांड्याला कापड गुंडाळून तो जाड करा. ताटाखाली ओले फडके ठेवा, म्हणजे ताट सरकत नाही.
• कपडे घालताना लुळा हात आधी, काढताना शेवटी.
• उठवताना लुळा हात ओढू नका. खांदा निखळू शकतो.
• बाजेची उंची अशी ठेवा की बसल्यावर पाय जमिनीला टेकतील. संडासात भोकाची खुर्ची आणि भिंतीला धरायला पक्का दांडा लावा.
• खाताना ठसका लागत असेल, तर भरवण्याआधी डॉक्टरांना दाखवा.
• वेळ लागला तरी चालेल, पण जे त्यांना जमते ते त्यांनाच करू द्या.

बाळ उशिरा बसत असेल, मूल हाताने खेळणे धरत नसेल, तर 'होईल मोठेपणी' म्हणून थांबू नका. आशाताईंना सांगा आणि बुलढाण्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात दाखवा. अपंगत्वाचे प्रमाणपत्र आणि ओळखपत्र यांची चौकशीही तिथेच करा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकारच्या अपंगत्वांना मान्यता आहे.

आपण स्वाभिमानाची भाषा बोलणारी माणसे. स्वतःच्या हाताने घास खाणे हाही स्वाभिमानच आहे. म्हणून विहाराच्या पायरीशेजारी एक उतार बांधू या, आत दोन खुर्च्या ठेवू या. आणि लकवा झालेली आजी आली, की तिला कोपऱ्यात बसवून न ठेवता फुले मांडण्याचे काम तिच्याच हाती देऊ या. थोडी वाकडी मांडली गेली, तरी ती तिने मांडलेली असतील.