मीटरची गाडी, सीटची गाडी

३० ऑक्टोबर २०२३ रोजी मुंबईतली शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी वयोमर्यादा संपून रस्त्यावरून गेली आणि वर्तमानपत्रांनी 'काळी-पिवळी'ला निरोप दिला. मराठवाडा-विदर्भात मात्र काळी-पिवळी म्हणजे माणसं कोंबून तालुक्याला जाणारी जीप. सातारा-सांगलीकडे तीच वडाप. तिच्यावर मृत्युलेख आला नाही, कारण ती अजून जिवंत आहे. आणि ती गेली तरी येईल असं वाटत नाही. भाड्याच्या गाडीचा आपला इतिहास मीटरच्या बाजूने लिहिला गेला. राज्यातली असंख्य माणसं फिरली ती सीटच्या हिशेबाने.

१९८८च्या मोटार वाहन कायद्याने सहा उतारूंपर्यंतची ती मोटर कॅब, त्यापुढे बारापर्यंतची मॅक्सी कॅब अशी विभागणी केली. टॅक्सीने माणशी भाडं घेतलं तरी कायद्याला चालतं. चालत नाही ते वाटेत उतारू चढवणं-उतरवणं. ते काम एसटीसारख्या टप्पा वाहतुकीचं. चर्चगेटहून नरिमन पॉइंटला जाणाऱ्या शेअर टॅक्सीचं या अटीने काही बिघडत नाही, सगळ्यांना उतरायचं एकाच टोकाला असतं. खेड्यातला माणूस उभा असतो फाट्यावर. म्हणजे ज्या कामासाठी वडाप हवी, नेमका तोच तिचा गुन्हा.

वडापवाल्यांनी एसटी बुडवली, हा आक्षेप निम्मा खरा आहे. कमाईच्या रस्त्यांवरचे उतारू त्यांनी स्टँडच्या तोंडावरून उचलले, आणि पासवाली पोरं व आडमार्गाच्या तोट्याच्या फेऱ्या एसटीच्या गळ्यात राहिल्या. बेशिस्तीबद्दल तर बोलायलाच नको. इंजिन सुरू ठेवून 'चला, निघालीच' म्हणत अर्धा तास हलायचं नाही. शेवटी पुढच्या बाकावर चौथा उतारू बसवायचा आणि चालकाने अर्धं अंग दाराबाहेर काढून स्टिअरिंग धरायचं. अपघात झाला तर त्या चौथ्याचा विमा कोण देणार? या प्रश्नाला माझ्याकडेही उत्तर नाही. पण हे सारं लोकांना बेशिस्तीची आवड आहे म्हणून चाललं, हे पटत नाही. नोव्हेंबर २०२१मध्ये एसटीचा संप चिघळला, तेव्हा सरकारनेच खाजगी बस, शाळेच्या बस, इतकंच काय मालवाहू गाड्यांनाही उतारू नेण्याची मुभा दिली. जे एरवी बेकायदा, ते अडचणीत एका अधिसूचनेने कायदेशीर झालं. उलट मार्च २०२३पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं आणि लाल गाड्यांतली त्यांची गर्दी वाढली. वडापवर कुणाची निष्ठा नव्हती. गाडी वेळेवर आणि परवडेल अशी मिळाली की उतारू तिकडे वळतो. जिथे एसटीची फेरीच दिवसातून एकदा आहे, तिथे अर्ध्या तिकिटाचा उपयोग मात्र त्या एका फेरीपुरताच.