मोठ्या आंतड्याचा व्रणदाह



२०२५ च्या जानेवारींत सिंहगड रस्त्याच्या परिसरांत जी.बी.एस. या मज्जातंतुविकाराची सांथ आली, तेव्हां कांहीं रुग्णांच्या शौचांत ‘कॅम्पिलोबॅक्टर’ जंतु सांपडले. जुलाब म्हणजे पाणी बाधलें, ही पुणेकरांची समजूत त्यामुळें अधिकच दृढ झाली असल्यास नवल नाहीं. परंतु रक्त व आंव आठवडेच्या आठवडे पडत राहिली, तर पाण्यापलीकडे पाहावयास हवें.

‘अल्सरेटिव्ह कोलायटिस’ या विकारांत शरीराची संरक्षक शक्ति मोठ्या आंतड्याच्या अस्तरावरच उलटते. हा रोग एकापासून दुसऱ्यास लागत नाहीं. दाह गुदाशयांत सुरू होऊन अखंडपणें वर सरकतो. तो कोठवर पोंचला, यावरून प्रकार ठरतात. गुदाशयापुरताच असेल तर गुदवर्तींनीं बहुधा भागतें. डाव्या बाजूच्या वळणापर्यंत गेला असेल तर बस्तीच्या जोडीला पोटांत गोळ्या द्याव्या लागतात. त्याहीपलीकडे पसरला तर उपचार अधिक कडक होतात, आणि कालांतरानें कर्करोगाचा धोकाही वाढतो. म्हणून सुमारें ८ वर्षांनंतर दुर्बिणीची तपासणी नियमानें व्हावी.

अमीबाची आंव दिसावयास अशीच असते. ती तपासून न पाहतां स्टेरॉइड घेतल्यास प्राणावर बेततें. मूळव्याध समजून संकोचानें महिने दवडणेंही बरें नव्हे. प्रथम शौचाची परीक्षा, मग दुर्बीण व अस्तराच्या तुकड्याची तपासणी, हा क्रम चुकवूं नये. आणि बरें वाटतांच औषध आपल्या मनानें सोडूं नये. हा विकार झोंपतो, पण घर सोडीत नाहीं.