गोळी ‘उपाशीपोटी’ म्हणजे नेमकी केव्हा?

आमच्या कर्वेनगरचे जुने नाव हिंगणे. अण्णासाहेब कर्व्यांनी १८९६ साली काढलेला आश्रम १९०० साली येथल्या एका झोपडीत आला. त्या झोपडीतून वाढलेल्या संस्थेत आज मुली परिचारिकेचेही शिक्षण घेतात. त्यांतल्या दोघीतिघी आमच्या शेजारी राहतात. मी पडले मराठीची प्राध्यापिका. औषधांशी माझा संबंध खोकल्याच्या बाटलीपुरता! पण मुली अडलेला मराठी शब्द विचारायला येतात, आणि त्या निमित्ताने मीच चार गोष्टी शिकते.

डॉक्टर चिठ्ठीवर ‘बीडी’ लिहितात. हे लॅटिनचे लघुरूप. अर्थ, दिवसातून दोनदा. ही लॅटिन घरगुती मराठीत आणण्याचे काम पुष्कळदा परिचारिकेकडेच येते. योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग आणि योग्य वेळ हे पाच नियम तिला पाठ असतात. पण रुग्ण घरी गेला, की ते पाळणे त्याच्या हाती. आणि त्याच्यापाशी असतात ते तिने सांगितलेले शब्द.

‘उपाशीपोटी’ हाच शब्द घ्या. थायरॉइडची गोळी खरोखरच उपाशीपोटी घ्यायची. पुढे अर्धा ते एक तास चहासुद्धा नाही. मधुमेहाची ग्लिमेपिराइडसारखी गोळी मात्र न्याहारीच्या तोंडावर घ्यायची. तिलाही ‘उपाशीपोटी’ म्हटले, तर एकादशीला आजी गोळी घेतील आणि दिवसभर पाण्यावर राहतील! रक्तातली साखर उतरते, घाम सुटतो, हातपाय थरथरतात. प्रसंगी शुद्धही हरपते. म्हणून सांगावे, “गोळी घेतली की लगेच खा, उपवास करायचा असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.”

‘ताप आला की घ्या’ हेही अपुरेच. पॅरासिटामॉलच्या दोन मात्रांमध्ये निदान ४ तासांचे अंतर हवे, आणि मोठ्या माणसाच्या पोटात २४ तासांत ४ ग्रॅमहून अधिक जाता कामा नये. नाहीतर यकृताला इजा होते. सर्दीच्या कित्येक गोळ्यांत हेच औषध असते, हे घरच्यांना कोठून ठाऊक असणार?

इन्सुलिनचे तर आकडेच बोलतात. एका मिलिलिटरला ४० युनिट आणि १०० युनिट अशा दोन प्रकारच्या कुप्या मिळतात. शंभराच्या कुपीला चाळीसची सिरिंज लावली, तर मात्रा अडीचपट होते! रक्तदाबाच्या गोळ्यांची गोष्ट निराळी. बरे वाटते ते गोळीमुळेच. म्हणून बरे वाटले तरी ती आपल्या मनाने सोडायची नाही.

सांगून झाल्यावर “समजले ना?” असे विचारण्यात अर्थ नाही, मान सगळेच डोलावतात. “घरी गेल्यावर गोळी कशी घ्याल, सांगा बरं,” असे विचारावे. चूक असेल तर ती तेथेच कळते. आणि वाचकहो, कोणी असे विचारले नाही, तर आपणच आपल्या शब्दांत सांगून पाहावे. त्यात संकोच कसला?