जुन्या नाण्यांची जलपरीक्षा

जुनें नाणें हातीं आलें कीं संग्राहक त्यावरील लेख प्रथम वाचतो व मग तें सराफाकडून कसोटीवर घासवितो. घासण्यानें नाण्यास कायमचा ओरखडा पडतो आणि कळतें तें केवळ वरच्या पापुद्र्याचें. (निकष हा शब्द आपण तात्त्विक चर्चेंत मोठ्या विश्वासानें योजतों; मूळचा निकष मात्र पृष्ठभागापलीकडे पाहत नाहीं.) भास्कराचार्यांच्या लीलावतींत सुवर्णगणित आहे, परंतु तेथेंही वर्णाचे कांहीं अंक आधीं ठाऊक असावे लागतात. अखंड नाण्याच्या पोटांत काय आहे हें तें न कापतां जाणावयाचें तर पाण्याकडेच वळावें लागतें.

आर्किमिडीजची कथा व्हिट्रुव्हियसनें दिली आहे व ती सर्वश्रुत आहे. आमच्या वाचकांस जवळचा पुरावा ऐन-इ-अकबरीचा. सारख्या वजनाचे निरनिराळे धातु भरलेल्या भांड्यांत सोडल्यास किती पाणी बाहेर पडतें, याचा विचार अबुल फझलनें तींत केला आहे. अकराव्या शतकांत अल्-बीरूनीनेंही याच तत्त्वानें मापें घेतलीं होतीं.

येथें माझी स्वतःची चूक नमूद करणें कर्तव्य समजतों. कित्येक वर्षांपूर्वीं एका स्नेह्यांचा अंकुशी रुपया मीं खुणांच्या कांचपात्रांत सोडून पाहिला. वजन ११.२० ग्रॅम, पाणी १.२ घन सेंटिमीटर चढलेंसें दिसलें. भागाकार ९.३ आला. शुद्ध रुप्याचें गुरुत्व १०.५ व तांब्याचें ८.९६, तेव्हां नाणें फार हिणकस, सबब बनावट, असा अभिप्राय मीं दिला. स्नेह्यांनीं तें मोडींत घातलें. सोनारानें आटविल्यावर चांदी उत्तम निघाली! पाणी १.१ चढलें असतें तर उत्तर १०.२ आलें असतें. एका दशांशाचा, बहुधा अक्षरांच्या खोबणींत अडकलेल्या बुडबुड्याचा, तो फरक. पण रुपया गेला तो गेलाच.

म्हणून सांडलेलें पाणी मोजूं नये, नाणें पाण्यांत तोलावें. गॅलिलिओनेंही १५८६ च्या सुमारास हाच मार्ग पसंत केला होता. बारीक धाग्यानें नाणें तराजूस टांगून प्रथम हवेंत, मग पूर्ण बुडवून तोलावें. वजनांत येणारी घट तेंच बाजूस सारलेल्या पाण्याचें वजन. मूळ वजनास घटीनें भागावें. पाणी उकळून निवविलेलें असावें, बुडबुडे मऊ कुंचल्यानें काढावे, नाणें तळास वा कडेस लागूं देऊं नये. तराजू शतांश ग्रॅम दाखविणारा हवा. इंग्रजी अमदानींतील ११.६६ ग्रॅमच्या रुपयांत बारांत अकरा भाग चांदी होती. त्याची घट सुमारें १.१३ भरते. १९४० पासूनच्या निम्म्या चांदीच्या रुपयाची घट सुमारें १.२२. हा फरक कांचपात्रांत डोळ्यांस दिसत नाहीं, तराजूंत स्पष्ट दिसतो.

तथापि अंक जुळला म्हणजे नाणें अस्सल ठरलें असें नव्हे. शिशाचें गुरुत्व ११.३४ असल्यानें तांब्याबरोबर तें बेतानें योजल्यास चांदीचा अंक साधतो, टंगस्टनचें १९.२५ तर सोन्याच्या १९.३ ला भिडतें. सोन्यांत रुपें व तांबें दोन्ही असल्यास एका अंकावरून दोहोंचे भाग निघत नाहींत. जमिनींत गंजून सच्छिद्र झालेलें नाणें हलकें भरतें. शिवाय चांगल्या चांदीचीही नक्कल होऊं शकते. तेथें लेख व छापच पाहावे लागतात.

टिपण पाठवितांना हवेंतील वजन, पाण्यांतील वजन व पाण्याचें उष्णमान हे तिन्ही अंक द्यावे, नुसता भागाकार देऊं नये. म्हणजे दुसऱ्यास तो पडताळतां येईल.