पत्त्याबरोबर हद्दही सांगणारा पॉइंटर

नुसता आकडा

आपल्या लॅपटॉपमधला पॉइंटर म्हणजे ६४ बिटांचा एक आकडा. मेमरीतल्या कोणत्या बाइटपासून वाचायचं एवढंच तो सांगतो. कुठे थांबायचं, तिथे लिहायची मुभा आहे का, हे पाहण्याचं काम प्रोग्रॅमरवर सोडलेलं असतं. २०१४ मध्ये ओपनएसएसएल या एन्क्रिप्शन लायब्ररीतला ‘हार्टब्लीड’ दोष उघडकीला आला, तेव्हा या व्यवस्थेचा धोका जगाला दिसला. समोरच्यानं मजकुराची लांबी खोटी सांगितली, की सर्व्हर एका खेपेला स्वतःच्या मेमरीतला ६४ किलोबाइटपर्यंतचा भाग परत पाठवत असे. त्यात पासवर्डही निघू शकत.

१२८ बिट, आणि वर एक

केंब्रिज विद्यापीठ आणि अमेरिकेतली एसआरआय इंटरनॅशनल यांनी २०१० मध्ये सुरू केलेल्या ‘चेरी’ प्रकल्पानं पॉइंटरचीच घडण बदलली. ६४ बिटी यंत्रावर त्यांचा पॉइंटर १२८ बिटांचा असतो. निम्म्यात पत्ता, उरलेल्यात हद्द आणि परवानग्या. जमिनीच्या खरेदीखतात गट क्रमांकाबरोबर चतुःसीमा नोंदवतात, तशी ही हद्द. ती ओलांडून वाचायला गेलं की प्रोसेसर स्वतःच अडवतो.

पण असा पॉइंटर कुणी बनावट तयार केला तर? सगळ्या मांडणीतला सर्वांत देखणा भाग इथेच आहे. प्रत्येक पॉइंटरसोबत १२९ वा बिट असतो, टॅग. तो नेहमीच्या मेमरीबाहेर राहतो आणि प्रोग्रॅमला तो मनानं चालू करता येत नाही. पॉइंटरच्या एखाद्या बाइटवर साधा डेटा लिहिला, तरी टॅग पुसला जातो आणि पॉइंटर निकामी होतो. असलेल्या पॉइंटरची हद्द आवळता येते. वाढवता येत नाही.

सुरुवातीला हा पॉइंटर २५६ बिटांचा होता. हद्दीची दोन्ही टोकं बहुधा पत्त्याच्या आसपासच असतात, म्हणून ती आक्रसून लिहिता आली. मात्र मोठ्या तुकड्यांची हद्द त्यामुळे नेमक्या बाइटवर बसत नाही, ठरावीक पटीत धरावी लागते.

जुनी वाट

आयबीएमनं १९७८ मध्ये जाहीर केलेल्या सिस्टीम/३८ या संगणकातही पॉइंटर १६ बाइटांचे आणि टॅगनं राखलेले होते, प्रत्यक्ष पत्ता ४८ बिटांचा असूनही. ही जागा तेव्हा उधळपट्टी वाटली असेल. पण १९९५ मध्ये सिस्टीम/३८चा वारसदार एएस/४०० ६४ बिटी प्रोसेसरवर गेला, तेव्हा मोठा पत्ता मावायला पॉइंटरमध्ये जागा तयारच होती.

किंमत

पॉइंटर दुप्पट झाला की कॅशेत कमी मावतात. झाडं आणि साखळ्या अशा डेटा-रचना वापरणाऱ्या प्रोग्रॅमना हे जास्त जाणवतं. पॉइंटर साध्या पूर्णांकात साठवणारा जुना सी कोडही दुरुस्त करावा लागतो, कारण त्या वाटेवर टॅग हरवतो. माझ्या मते हा खर्च करण्याजोगा आहे: हद्द तपासण्याचं काम दर ओळीत माणसाच्या सावधपणावर टाकून दशकं गेली, आणि चुका थांबल्या नाहीत. आर्मनं २०२२ मध्ये चेरीचे पॉइंटर असलेला ‘मोरेलो’ हा प्रायोगिक बोर्ड संशोधकांच्या हाती दिला, त्यामुळे हा खर्च आता खऱ्या सिलिकॉनवर मोजता येतो.