रंगमंचावरून पडद्यावर

पुरुषोत्तम दारव्हेकरांचे ‘कट्यार काळजात घुसली’ १९६७ मध्ये नाट्यसंपदेने रंगमंचावर आणले. संगीत पं. जितेंद्र अभिषेकींचे आणि खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे. सुबोध भावे दिग्दर्शित चित्रपट १२ नोव्हेंबर २०१५ रोजी, ऐन दिवाळी पाडव्याला झळकला.

रूपांतर करताना मूळ नाट्यपदे ठेवली गेली आणि शंकर-एहसान-लॉय यांनी नवी गाणी जोडली. पंडितजींच्या भूमिकेत शंकर महादेवन, खाँसाहेब झाले सचिन पिळगावकर. त्यांना आवाज दिला तो वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे यांनी. परिणामी जुन्या रसिकांना ओळखीचे सूर मिळाले आणि नाटक न पाहिलेल्यांना नवी गाणी. चित्रपटातल्या गायनासाठी महेश काळे यांना राष्ट्रीय पुरस्कारही लाभला.

दीड महिन्यातच, १ जानेवारी २०१६ रोजी ‘नटसम्राट’ आला. १९७० च्या प्रयोगात डॉ. श्रीराम लागूंनी साकारलेले गणपतराव बेलवलकर महेश मांजरेकरांच्या चित्रपटात नाना पाटेकर झाले. विक्रम गोखले यांनी रंगवलेला मित्र रामभाऊ ही चित्रपटाची भर.

वाट मात्र जुनीच. तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’वर सत्यदेव दुबे यांनी १९७१ मध्येच चित्रपट केला. रंगमंचावर बेणारे साकारणाऱ्या सुलभा देशपांडे पडद्यावरही त्याच भूमिकेत होत्या.

ताजे उदाहरण जानेवारी २०२५ चे: खाडिलकरांच्या १९११ च्या ‘मानापमान’वरचा सुबोध भावे यांचाच ‘संगीत मानापमान’.