विश्लेषण : फिश टँकमधल्या हिरव्या गालिचावर शेवाळ का चढते?

टाकीच्या तळाशी दाट हिरवळ, तिच्यातून डोके वर काढणारे दोन-तीन दगड आणि वरून फिरणारा इवल्या माशांचा थवा. समाजमाध्यमांवरचे असे व्हिडीओ पाहून अनेक घरांत ‘प्लांटेड टँक’ येऊ लागले आहेत. पहिले दोन आठवडे सारे छान चालते. तिसऱ्या आठवड्यात पानांवर तपकिरी धूळ बसते, मग हिरवे धागे दिसू लागतात आणि महिना उलटेपर्यंत हिरवळीची रया जाते. घाबरून दुकानातून एखादी बाटली आणून ओतली जाते. शेवाळ जरा हटते, पण सोबत कोळंब्याही मरतात. अशा कितीतरी टाक्या शेवटी माळ्यावर जाऊन पडतात. बहुतेक वेळा चूक बाटलीच्याही आधी, दिव्याचे बटण दाबताना झालेली असते.

हा गालिचा आला कुठून?

टाकीत माशांपेक्षा वनस्पतींना मान देणारी ही शैली जगभर पोहोचवली ती जपानी छायाचित्रकार ताकाशी अमानो (1954-2015) यांनी. 1982 मध्ये त्यांनी निगाता येथे ‘ॲक्वा डिझाइन अमानो’ ही कंपनी सुरू केली. पाण्यात कार्बन डायऑक्साइड सोडून वाढवलेल्या बुटक्या वनस्पतींची हिरवळ ही त्यांच्या टाक्यांची ओळख ठरली. आज दुकानांत मिळणाऱ्या ‘कार्पेट’ वनस्पती कुठून कुठून आलेल्या आहेत. ग्लॉसोस्टिग्मा ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडची, ‘क्युबा’ नावाने विकली जाणारी बारीक पानांची हेमिॲन्थस क्युबाची, तर ‘मॉन्टे कार्लो’ दक्षिण अमेरिकेतली. हेअरग्रास म्हणजे आपल्या लव्हाळ्याच्या कुळातली. गवतासारखी दिसणारी युट्रिक्युलारिया तर कासच्या पठारावर फुलणाऱ्या ‘सीतेच्या आसवां’ची सख्खी बहीण.

शेवाळ नेमके तिथेच का?

या वनस्पती मुळात ओलसर काठावर किंवा उथळ पाण्यात वाढणाऱ्या. रोपवाटिकेत त्या बहुधा पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवल्या जातात. टाकीत पाण्याखाली गेल्यावर जुनी पाने कुजतात आणि नवी, पाण्याला जुळवून घेणारी पाने यायला काही आठवडे लागतात. कुजणाऱ्या पानांतून अमोनिया सुटतो. शेवाळाला याहून चांगले निमंत्रण कोणते?

दुसरी अडचण जागेची. गालिचा दिव्यापासून सर्वांत दूर. उजेड कमी पडला की रोपे पसरण्याऐवजी वर उंचावतात, म्हणून हौशी माणूस दिवा पूर्ण क्षमतेने दहा-बारा तास चालू ठेवतो. पण उजेड वाढला की वनस्पतीची कार्बन डायऑक्साइडची भूकही वाढते, आणि हा वायू तळापर्यंत पोहोचतच नाही. बुडबुडे वर जातात, फिल्टरचा प्रवाह वरच्या थरात फिरतो आणि दाट पानांच्या जाळीत पाणी जवळपास थांबलेले असते. त्याच जाळीत माशांचे उरलेले खाद्य आणि विष्ठा अडकते. वनस्पती उपाशी, उजेड भरपूर आणि घाण हाताशी. कमी वायूवरही तग धरणारे शेवाळ मग पुढे निघून जाते.

म्हणजे शेवाळ हा रोग कमी आणि लक्षण जास्त. त्याचा प्रकार पाहिला तर दुखणे कुठे आहे ते कळते. नव्या टाकीतली तपकिरी धूळ डायॲटमची. ती बोटानेही निघते आणि टाकी स्थिरावली की बहुधा आपोआप जाते. हिरवे लांब धागे म्हणजे सहसा उजेड जास्त. पानांच्या कडांवरचे काळे, ब्रशसारखे झुबके मात्र चिवट. रंग काळपट असला तरी हे लाल शेवाळाच्या गटातले असून, कार्बन डायऑक्साइड कमी-जास्त होत राहिला की फोफावते. निळसर हिरवा, उग्र वासाचा आणि चादरीसारखा सोलून निघणारा थर हे तर शेवाळच नाही. ते सायनोबॅक्टेरिया, म्हणजे जिवाणू आहेत.

खत बंद केले तर?

हा सर्वांत जास्त दिला जाणारा आणि सर्वांत फसवा सल्ला. त्याला इतिहास आहे. 1996 मध्ये पॉल सीअर्स आणि केव्हिन कॉनलिन या दोन हौशी अभ्यासकांनी असे मांडले की, पाण्यातले फॉस्फेट वनस्पतींनी संपवले की शेवाळाची उपासमार होते. पुढे अमेरिकेतील टॉम बार यांनी फॉस्फेट मुद्दाम वाढवूनही निरोगी वनस्पतींच्या टाकीत शेवाळ येत नाही, हे दाखवून दिले. नायट्रेट, फॉस्फेट, पोटॅश पुरेसे द्यायचे आणि दर आठवड्याला निम्मे पाणी बदलायचे, ही त्यांची पद्धत आज सर्वदूर वापरली जाते. शेवाळाचे पोट फार थोड्यावर भरते. खत बंद केले की आधी गालिचा उपाशी मरतो आणि कुजून शेवाळाचेच खत होतो.

मग करायचे काय?

आधी दिवा. सहा तास पुरेत, तेही टायमर लावून. संध्याकाळी टाकी पाहायची असेल तर दुपारी चार ते रात्री दहा ही वेळ सोयीची. खिडकीतले थेट ऊन टाकीवर पडत असेल तर टाकीची जागा बदलणे किंवा पडदा लावणे भागच आहे. गालिचा दाट झाला की वेळ आठ तासांपर्यंत नेता येते.

कार्बन डायऑक्साइड दिवा लागण्याच्या तास-दोन तास आधी सुरू व्हावा आणि दिव्याबरोबर, किंवा थोडा आधीच, बंद व्हावा. टाकीत लटकवायच्या ‘ड्रॉप चेकर’मधले द्रावण निळ्याचे पोपटी झाले की प्रमाण लिटरला साधारण 30 मिलिग्रॅमच्या आसपास आले असे समजतात. पिवळे झाले तर मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागतात. साखर आणि यीस्टची घरगुती बाटली स्वस्त पडते, पण तिचा वेग खोलीच्या तापमानाबरोबर बदलतो आणि ती रात्रीही बंद करता येत नाही. काळ्या झुबक्यांचे मूळ पुष्कळदा या बाटलीत सापडते. फिल्टरचे तोंड असे वळवावे की तळाची पाने हलताना दिसतील.

एप्रिल-मे महिन्यांत दुखणे वाढते. पाणी तापले की त्यात कार्बन डायऑक्साइडही कमी विरघळतो आणि प्राणवायूही. एसी परवडत नसेल तर पृष्ठभागावर वारा देणारा छोटा पंखा तापमान दोन-तीन अंशांनी उतरवतो. बाष्पीभवनाने उडालेले पाणी तेवढे रोज भरावे लागते.

आधीच चढलेले शेवाळ हाताने काढण्यावाचून गत्यंतर नाही. धागे जुन्या टूथब्रशवर शेवयांसारखे गुंडाळून ओढता येतात. मुळे धरली नसतील तर रोपेही उपटून येतात, म्हणून दुसऱ्या हाताने तळ दाबून धरावा. काळे झुबके असलेला भाग वाकड्या कात्रीने बिनदिक्कत छाटावा. निरोगी मुळांतून गालिचा पुन्हा फुटतो, शेवाळ धरलेले पान मात्र सुधारत नाही. छाटलेले तुकडे बारीक नळीने त्याच वेळी ओढून घ्यावेत. तिथेच राहिले तर सारी मेहनत वाया.

औषधांचे काय?

‘लिक्विड कार्बन’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक बाटल्यांत असते ग्लुटाराल्डिहाइड. रुग्णालयांत उपकरणे निर्जंतुक करायला वापरतात तेच. ते शेवाळ मारते, पण काही शेवाळी आणि व्हॅलिस्नेरियासारख्या वनस्पतीही वितळवते. हाताळताना हातमोजे हवेतच. हायड्रोजन पेरॉक्साइड फिल्टर बंद करून सिरिंजने फक्त झुबक्यांवर सोडतात. यासाठी 3 टक्क्यांचे द्रावण लागते आणि औषध दुकानातली बाटली अनेकदा 6 टक्क्यांची असते, त्यामुळे लेबल वाचल्याशिवाय हात लावू नये. मात्रा चुकली की पहिला बळी कोळंब्यांचा. सायनोबॅक्टेरियासाठी तळ साफ करून टाकी तीन दिवस पूर्ण झाकून ठेवणे हा त्या मानाने सौम्य उपाय.

शेवाळ खाणारे मासे सोडावेत का?

अमानो यांच्या नावाने ओळखली जाणारी कोळंबी धागे निगुतीने खाते. तिच्या पिल्लांना वाढायला खारे पाणी लागत असल्याने टाकीत तिची संख्याही वाढत नाही. ओटोसिंक्लस हा बोटाच्या पेराएवढा मासाही गालिचाला धक्का लावत नाही. दुकानात मात्र ‘काच साफ करणारा’ म्हणून हाती दिला जातो तो सकर फिश. विकत घेताना दोन इंचांचा असलेला हा मासा फूटभराच्याही पुढे वाढतो, गालिचा उखडतो आणि मग टाकीत मावत नाही म्हणून नदीत सोडला जातो. उजनीच्या जलाशयातले मच्छीमार जाळी फाडणाऱ्या या परक्या माशाने आधीच जेरीस आले आहेत. छाटलेल्या वनस्पतींबाबतही हीच खबरदारी हवी. त्या नाल्यात किंवा ओढ्यात न टाकता उन्हात कडकडीत वाळवून मगच ओल्या कचऱ्यात टाकाव्यात.